विलेम कारेल डिके

विलेम कारेल डिके (इ.स. १९०५ – इ.स. १९६२) हे डच बालरोगतज्ज्ञ होते. सिलिॲक रोगाने पीडित मुलांना गहू व त्याच्या जवळची काही धान्ये अपायकारक ठरतात, हे त्यांनी पुराव्यानिशी सिद्ध केले. गव्हातील नेमका अपायकारक घटक शोधून काढण्याच्या कार्यातही त्यांचा प्रमुख वाटा होता. सिलिॲक रोगावर आज जगभर दिला जाणारा ग्लुटेनविरहित आहार हा त्यांच्या संशोधनाचा थेट परिणाम होय. या रोगावर आजही आहाराखेरीज दुसरा प्रस्थापित उपचार नाही.

डिके यांचा शोध दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पडलेल्या दुष्काळात योगायोगाने लागला, अशी समजूत प्रचलित आहे. प्रत्यक्षात त्यांनी गहू वर्ज्य करून मुलांवर उपचार करण्यास दुष्काळापूर्वी काही वर्षे आरंभ केला होता आणि त्यावरील त्यांचा पहिला निबंध १९४१ साली प्रसिद्ध झाला होता. दुष्काळामुळे त्यांच्या मताला बळकटी आली. त्याची सिद्धता मात्र त्यानंतरच्या शिस्तबद्ध मोजमापातून झाली.

रोगाचे स्वरूप व पूर्वेतिहास

सिलिॲक रोगात लहान आतड्याच्या आतील अस्तराला इजा होते. या अस्तरावर बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. रसांकुरांमुळे आतड्याचा अन्नरस शोषून घेणारा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो. ते झिजून सपाट झाले की स्निग्ध पदार्थ, लोह, फॉलिक आम्ल, कॅल्शियम व काही जीवनसत्त्वे यांचे शोषण नीट होत नाही. मूल जेवते, पण खाल्लेले त्याच्या अंगी लागत नाही. पोट फुगलेले, हातपाय काटकुळे, मल पातळ, फिकट व तेलकट, स्वभाव चिडचिडा आणि वाढ खुंटलेली, असे या आजाराचे बालवयातील जुने चित्र आहे.

अशा रुग्णांचे वर्णन प्राचीन ग्रीक वैद्य ॲरेटियस याने करून ठेवले होते. रोगाचे नाव पोट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. आधुनिक काळातील पहिले नेमके वर्णन लंडनचे डॉक्टर सॅम्युएल जी यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केले. रुग्ण बरा होणे शक्य असेल तर ते आहारानेच होईल, असे जी यांचे मत होते. त्यांच्या पाहण्यात आलेले एक मूल रोज हॉलंडहून येणाऱ्या शिंपल्यांवर ठेवल्यानंतर झपाट्याने सुधारले आणि शिंपल्यांचा हंगाम संपताच पुन्हा खालावले. आहारावर विश्वास असूनही, पातळ कापून दोन्ही बाजूंनी चांगला भाजलेला पाव जी यांनी पथ्यात चालवून घेतला होता. अपायकारक पदार्थ त्या भाजलेल्या पावातच होता, हे कळण्यास पुढे साठहून अधिक वर्षे लागली.

अमेरिकेत ख्रिश्चन हर्टर यांनी १९०८ मध्ये या रोगावर ग्रंथ लिहिला. त्यामुळे रोगाला जी-हर्टर रोग असेही म्हणत. न्यूयॉर्कचे सिडनी हास यांनी १९२४ मध्ये केळ्यांचा आहार सुचवला. त्यात पाव, धान्ये व बटाटे वर्ज्य होते. त्यामुळे अनेक मुले वाचली आणि हा उपचार लोकप्रिय झाला. तथापि हास यांनी गुण केळ्यांना दिला व दोष सर्वच पिष्टमय पदार्थांना. गहू आहारातून गेला म्हणून मूल सुधारले, ही शक्यता तपासली गेली नाही. शिवाय केळी हे उष्ण प्रदेशातील फळ. युरोपातील सामान्य कुटुंबाला ते रोज पुरवणे अवघड होते. डिके वैद्यकीय व्यवसायात आले तेव्हा परिस्थिती अशी होती. आजार ओळखता येत होता, पथ्ये अनेक होती, परंतु एकाही पथ्यामागचे कारण कोणाला ठाऊक नव्हते आणि बरीच मुले दगावत होती.

शिक्षण व कारकिर्दीचा आरंभ

डिके यांचा जन्म १९०५ मध्ये नेदरलँड्समधील डोर्डरेख्त या शहरात झाला. त्यांनी १९२२ ते १९२९ या काळात लायडन येथे वैद्यकशास्त्राचा अभ्यास केला. त्यानंतर द हेग येथील युलियाना बालरुग्णालयात त्यांनी बालरोगशास्त्राचे विशेष शिक्षण घेतले. पुढे १९३६ मध्ये, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी, ते याच रुग्णालयाचे वैद्यकीय संचालक झाले.

सिलिॲक रोगाची मुले त्या काळी महिनोन्महिने, कधी वर्षभराहूनही अधिक काळ रुग्णालयात राहत. रोज काय खायला दिले, मल कसा झाला, वजन किती भरले याची नोंद ठेवली जाई. रुग्णालयाच्या या दीर्घ सहवासामुळे डिके यांना एकच मूल ऋतूमागून ऋतू पाहता आले. त्यांच्या पुढील संशोधनाचा पाया या नोंदींमध्ये आहे.

गव्हाविषयी संशय

गव्हावर डिके यांचा संशय नेमका केव्हा व कशावरून बळावला, याविषयी एकच एक प्रसंग सांगता येत नाही. सिलिॲक रोगाच्या आपल्या मुलाचा पाव बंद केल्यावर त्याच्या अंगावरील पुरळ कमी होते व पाव सुरू केल्यावर परत येते, असे एका तरुण आईने त्यांना सांगितले होते, अशी आठवण त्यांच्याविषयी सांगितली जाते. आईच्या बोलण्याकडे त्यांनी दुर्लक्ष केले नाही. साधारण १९३४ ते १९३६ या काळात त्यांनी काही मुलांचा गहू बंद करून परिणाम पाहण्यास सुरुवात केली.

हा विचार त्या काळाच्या समजुतीविरुद्ध होता. पाव हे युरोपचे मुख्य अन्न. आजारी मुलाला हलके म्हणून पाव, टोस्ट व बिस्किटेच दिली जात. स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, म्हणून दोष त्यांचाच, किंवा पिष्ट आंबते म्हणून दोष पिष्टाचा, असा बहुतेक डॉक्टरांचा तर्क होता. एका विशिष्ट धान्याने आतडे बिघडते आणि मग इतर अन्नही शोषले जात नाही, ही कल्पना नवी होती.

डिके यांनी आपले निरीक्षण १९४१ मध्ये डच वैद्यकीय नियतकालिकातून मांडले. जी-हर्टर रोगासाठी साधा आहार, असा त्या निबंधाचा विषय होता. पाव व टोस्ट पूर्ण वर्ज्य करून घरी सहज करता येईल असा आहार त्यांनी त्यात दिला. केळ्यांसारख्या महागड्या व युद्धकाळात दुर्मीळ झालेल्या वस्तूंवर हा आहार अवलंबून नव्हता. त्या वेळी नेदरलँड्स जर्मन सैन्याच्या ताब्यात होते आणि निबंध डच भाषेत होता. त्यामुळे देशाबाहेर त्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

उपासमारीचा हिवाळा

सप्टेंबर १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या मोहिमेला साहाय्य म्हणून डच रेल्वे कर्मचाऱ्यांनी संप पुकारला. त्याला उत्तर म्हणून जर्मन अधिकाऱ्यांनी देशाच्या पश्चिम भागाकडे जाणारी अन्नवाहतूक रोखली. पाठोपाठ कडक हिवाळा आला व कालवे गोठले. ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम, द हेग या शहरांत शिधा उत्तरोत्तर घटत गेला. लोकांनी ट्यूलिप फुलांचे कंद व साखरेचे बीट खाऊन दिवस काढले. या दुष्काळात सुमारे २०,००० लोक मृत्युमुखी पडले, असे मानले जाते. डच इतिहासात हा काळ उपासमारीचा हिवाळा म्हणून ओळखला जातो.

या काळात पाव जवळजवळ नाहीसा झाला. सगळीकडे मुले खंगत असताना सिलिॲक रोगाची मुले मात्र, अन्न अपुरे असूनही, पूर्वीइतकी आजारी पडत नव्हती. पुढे मदत म्हणून आलेल्या पिठाचा पाव शहरांत पुन्हा मिळू लागला, तेव्हा त्याच मुलांची प्रकृती परत बिघडली. डिके यांना कित्येक वर्षे ज्याचा संशय होता, तेच येथे मोठ्या प्रमाणावर आणि कोणीही न योजता घडून आले.

असे असले तरी या अनुभवाला त्यांनी पुरावा मानून तिथेच थांबणे पसंत केले नाही. दुष्काळात केवळ पाव गेला नव्हता. दूध, लोणी, साखर, भाजी असे सर्वच बदलले होते. त्यांपैकी सुधारणेचे कारण कोणते, हे ठरवण्यासाठी एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणे आवश्यक होते.

१९५० चा प्रबंध

युद्धानंतर डिके यांनी हे काम हाती घेतले. त्यात त्यांना उट्रेख्त येथील दोघांचे मोलाचे सहकार्य लाभले. एक होते जीवरसायनशास्त्रज्ञ वान दे कामर व दुसरे बालरोगतज्ज्ञ वायर्स. वान दे कामर यांनी मलातील स्निग्धांशाचे प्रमाण जलद व अचूक मोजण्याची पद्धत विकसित केली होती. ती १९४९ मध्ये प्रसिद्ध झाली. खाल्लेल्या स्निग्ध पदार्थांपैकी किती भाग शरीराने घेतला व किती वाया गेला, हे तिच्यामुळे आकड्यांत सांगता येऊ लागले. मूल बरे दिसते किंवा वाईट दिसते, या डॉक्टरांच्या अंदाजाच्या जागी एक मोजमाप आले.

प्रयोगाची रीत सोपी पण चिकाटीची होती. मुलाला ठरावीक आहारावर ठेवायचे, त्याचे वजन व मलातील स्निग्धांश नियमित मोजायचा. प्रकृती स्थिर झाली की आहारातील एकच घटक बदलायचा. गव्हाचे पीठ दिल्यावर काही काळाने भूक मंदावे, मलातील स्निग्धांश वाढे आणि वजनाची चढती रेषा थांबे किंवा खाली येई. गहू काढला की सर्व पूर्ववत होई. परिणाम लगेच दिसत नसे, मध्ये काही दिवस ते काही आठवडे जात. घरगुती निरीक्षणातून हा संबंध पूर्वी का सुटला, याचे उत्तर या विलंबात आहे.

या प्रयोगांवर आधारलेला प्रबंध डिके यांनी १९५० मध्ये उट्रेख्त विद्यापीठाला सादर केला. गहू व राय ही धान्ये सिलिॲक रुग्णाला अपायकारक असल्याचे त्यांनी त्यात दाखवले. तांदूळ, मका व बटाटा यांपासून तसा अपाय होत नाही, हेही नोंदवले. सर्व पिष्ट वाईट, ही समजूत त्यामुळे मोडीत निघाली. ओट या धान्यालाही त्यांनी अपायकारक धान्यांत गणले होते. पुढील संशोधनानुसार गव्हाची भेसळ नसलेले ओट बहुतेक रुग्णांना सोसतात. प्रबंधातील हा एक निष्कर्ष मात्र नंतर बदलला.

अपायकारक घटकाचा शोध

गव्हात अपाय कशाचा, हा पुढचा प्रश्न होता. कणकेचा गोळा वाहत्या पाण्यात चोळत राहिला की पांढरे पाणी निघून जाते व हातात चिवट, रबरासारखा लगदा उरतो. पाण्याबरोबर जाते ते पिष्ट आणि हातात उरते ते ग्लुटेन. महाराष्ट्रात कुरडया करताना भिजवलेल्या गव्हातून चीक वेगळा काढतात. तो मुख्यत्वे पिष्टाचाच असतो. मात्र घरगुती रीतीने काढलेल्या चिकात ग्लुटेनचा अंश राहत असल्याने कुरडया सिलिॲक रुग्णासाठी निर्धोक नाहीत.

डिके, वायर्स व वान दे कामर यांनी गव्हाचे घटक वेगवेगळे करून त्यांचा परिणाम तपासला. शुद्ध केलेल्या पिष्टाने रोग बळावत नव्हता. ग्लुटेनने बळावत होता. ग्लुटेनमधील अल्कोहोलमध्ये विरघळणारा भाग, म्हणजे ग्लायाडिन, हा अपायकारक असल्याचे त्यांनी दाखवले. हे निबंध १९५३ मध्ये ॲक्टा पीडियाट्रिका या नियतकालिकात इंग्रजीतून प्रसिद्ध झाले.

दरम्यान इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे शार्लट अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी डिके यांच्या निष्कर्षांची स्वतंत्रपणे पडताळणी केली. त्यांचा निबंध १९५२ मध्ये लॅन्सेट या साप्ताहिकात आला. त्यांच्या प्रयोगांतही गव्हाचे पिष्ट निरुपद्रवी व ग्लुटेन अपायकारक ठरले. दोन देशांतील दोन गटांचे निष्कर्ष जुळल्यावर वैद्यकविश्वाने ही गोष्ट स्वीकारली आणि थोड्याच वर्षांत ग्लुटेनविरहित आहार हा मान्य उपचार झाला.

उत्तरायुष्य

डिके यांची १९५७ मध्ये उट्रेख्त विद्यापीठात बालरोगशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली आणि तेथील विल्हेल्मिना बालरुग्णालयाचे संचालकपद त्यांच्याकडे आले. हे पद त्यांना फार काळ सांभाळता आले नाही. १९६२ मध्ये, साठी गाठण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. नेदरलँड्समधील जठर व आतड्याच्या रोगांच्या तज्ज्ञांची संस्था त्यांच्या नावाने सुवर्णपदक देते.

त्यांच्या हयातीतच आतड्यातील बिघाड प्रत्यक्ष पाहणे शक्य झाले. इंग्लंडमध्ये पॉली यांनी १९५४ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी घेतलेल्या नमुन्यांत रसांकुर झिजल्याचे दाखवले. पुढे १९५६–५७ च्या सुमारास मार्गो शायनर व विल्यम क्रॉस्बी यांनी तोंडावाटे नळी उतरवून आतड्याचा कण काढण्याची साधने तयार केली. गहू बंद केल्यावर रसांकुर पुन्हा वाढतात, हेही नंतर दिसून आले. डिके यांनी वजनकाट्यावर व मलपरीक्षेत जे टिपले होते, त्याचे कारण सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागले.

रक्तचाचणी व इम्युनोग्लोब्युलिन ए ची न्यूनता

ग्लुटेनमुळे आतड्याला इजा का होते, हे डिके यांच्या निधनानंतर उलगडले. सिलिॲक रोग हा प्रतिकारयंत्रणेचा विकार आहे. एचएलए डीक्यू २ किंवा डीक्यू ८ हे आनुवंशिक गुण असलेल्या काही व्यक्तींत ग्लुटेनला प्रतिकार करताना शरीर स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करते. १९९७ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी या हल्ल्याचे एक प्रमुख लक्ष्य ओळखले. टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज हे ते विकर होय. त्याविरुद्धचे प्रतिपिंड रक्तात शोधणे ही आज या रोगाची पहिली चाचणी आहे.

ही चाचणी सामान्यतः इम्युनोग्लोब्युलिन ए या वर्गातील प्रतिपिंडांची असते. हा वर्ग बेल्जियमचे शास्त्रज्ञ जोसेफ हेरेमान्स यांनी १९५९ मध्ये वेगळा करून दाखवला. आतडे, श्वसनमार्ग, लाळ व आईचे दूध यांतील संरक्षण मुख्यत्वे याच वर्गाकडे असते. काही व्यक्तींच्या शरीरात मात्र हे प्रतिपिंड जन्मतःच जवळजवळ तयार होत नाहीत. युरोपीय लोकसंख्येत अशी व्यक्ती साधारण पाचशे ते सहाशे जणांमागे एक आढळते. सिलिॲक रुग्णांत हेच प्रमाण सुमारे २ ते ३ टक्के, म्हणजे दहा पटींहून अधिक आहे.

यातून निदानात एक धोका निर्माण होतो. रुग्णाला सिलिॲक रोग असतो, आतडे झिजलेले असते, पण चाचणी ज्या वर्गाचे प्रतिपिंड शोधते तो वर्गच त्याच्या रक्तात नसतो. अहवाल दोष नसल्याचे सांगतो. मूल मात्र रोज पोळी व बिस्किटे खात खंगत राहते आणि निर्दोष अहवालामुळे पुढील तपास थांबतो. हे टाळण्यासाठी पहिल्या चाचणीबरोबरच रक्तातील एकूण इम्युनोग्लोब्युलिन ए चे प्रमाण मोजण्याची शिफारस आहे. ते अत्यल्प आढळल्यास इम्युनोग्लोब्युलिन जी या दुसऱ्या वर्गाच्या प्रतिपिंडांची चाचणी करतात आणि गरजेनुसार दुर्बिणीतून लहान आतड्याचा कण तपासतात.

भारतासारख्या देशात याला आणखी एक पदर आहे. दूषित पाण्यातून होणारा जिआर्डिया या परजीवीचा संसर्ग इम्युनोग्लोब्युलिन ए ची न्यूनता असलेल्यांना अधिक सहज होतो. त्यातही जुलाब, पोटफुगी व वजनघट होते आणि रसांकुरही झिजू शकतात. दोन्ही आजारांची लक्षणे सारखी असल्याने एकाला दुसरा समजण्याची चूक संभवते. इम्युनोग्लोब्युलिन ए नसलेल्या व्यक्तीस रक्त द्यावे लागले तर क्वचित तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणून ही न्यूनता डॉक्टरांना माहीत असणे महत्त्वाचे असते.

डिके यांच्याजवळ यांपैकी कोणतीही चाचणी नव्हती. त्यांची पद्धत प्रतिपिंडांवर अवलंबून नसल्याने रुग्णात इम्युनोग्लोब्युलिन ए असो वा नसो, तिच्या उत्तरात फरक पडत नसे. रक्तचाचणी फसवू शकते अशा रुग्णांत आजही आतड्याची स्थिती आणि गहू बंद केल्यावर होणारी सुधारणा, यांवरच निदान उभे राहते. मात्र तपासणी पूर्ण होण्यापूर्वी स्वतःहून गहू बंद करणे योग्य मानले जात नाही. तसे केल्यास प्रतिपिंड घटतात, आतडे सुधारू लागते आणि निदान अधिकच अवघड होते.

भारत व मराठवाड्यातील संदर्भ

भारतात सिलिॲक रोग मुख्यतः गहू खाणाऱ्या उत्तर भागात आढळतो. दिल्ली परिसरातील २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ९६ व्यक्तींमागे एकाला हा रोग असल्याचे दिसले. दक्षिणेत तो बराच विरळ आहे. महाराष्ट्र या दोन्हींच्या मध्ये येतो आणि येथील आहारही मिश्र आहे.

परभणी जिल्ह्यासह मराठवाड्याचे पारंपरिक मुख्य अन्न ज्वारीची भाकरी होते. ज्वारीत ग्लुटेन नसते. म्हणूनच भाकरी थापताना पीठ गरम पाण्याने मळावे लागते व ती पोळीसारखी ताणून लाटता येत नाही. गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीत रब्बी ज्वारी घेतली जाते. परभणी येथील कृषी विद्यापीठाने, म्हणजे आजच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने, परभणी मोती व परभणी ज्योती हे ज्वारीचे वाण विकसित केले आहेत. गेल्या काही दशकांत शिधावाटप दुकानातील गहू, बिस्किटे व मैद्याचे पदार्थ यांमुळे या भागातही गव्हाचा वापर वाढला. पूर्वी सणावारी होणारी पोळी आता रोजच्या जेवणात आली आहे.

डिके यांना आपल्या रुग्णांसाठी पावाला पर्याय शोधावा लागला. मराठवाड्यात तो पर्याय घरातच आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई, राजगिरा, साबुदाणा व सर्व डाळी ग्लुटेनविरहित आहेत. व्यवहारात अडचणी येतात त्या मिश्रणाच्या. गिरणीत गव्हानंतर लगेच ज्वारी दळल्यास जात्यात राहिलेले गव्हाचे पीठ ज्वारीत मिसळते. धपाट्यांच्या पिठात अनेक घरी कणीक घालतात. बाजारातील खड्या नसलेल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. सातू, म्हणजे जव, हेही वर्ज्य धान्य आहे. रवा, मैदा, दलिया व शेवया ही गव्हाचीच रूपे होत. खपली गहू पचायला हलका म्हणून निर्धोक समजला जातो. पण त्यातही ग्लुटेन असते आणि सिलिॲक रुग्णाला तो चालत नाही.

खुंटलेली वाढ व न हटणारा रक्तक्षय यांचे कारण ग्रामीण भागात प्रथम कुपोषण किंवा जंत हेच गृहीत धरले जाते आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. पुरेसे अन्न, जंताचे औषध व लोहाच्या गोळ्या देऊनही फरक पडत नसेल, तर सिलिॲक रोगाचा विचार आवश्यक ठरतो. अशा मुलाला अधिक पोषणासाठी अधिक गहू दिला गेला तर अपायच वाढतो.

मूल्यमापन

गव्हाचा संशय डिके यांच्याआधीही अधूनमधून व्यक्त झाला असावा. पाव खाल्ल्यावर मूल बिघडते, हे अनेक आयांच्या लक्षात आले असणार. डिके यांनी त्या निरीक्षणाला मोजमापाची जोड दिली आणि संशयापासून सिद्धतेपर्यंतचा सुमारे पंधरा वर्षांचा मार्ग युद्ध व दुष्काळाच्या काळातही सोडला नाही. दुष्काळाच्या कथेत हे श्रम झाकले जातात. त्या हिवाळ्यात पाव मिळेनासा झाल्याचे सर्वांनी पाहिले; त्याचा अर्थ मात्र आधीपासून नोंदी ठेवणाऱ्याच्याच ध्यानात आला.

त्यांच्या शोधाला औषध, यंत्र किंवा मोठी प्रयोगशाळा लागली नाही आणि त्यातून निघालेला उपचार कोणत्याही घरच्या स्वयंपाकघरात करता येतो. पूर्वी जगण्याची खात्री नसलेली मुले त्यामुळे मोठी होऊन सर्वसामान्य आयुष्य जगू लागली. निदानाच्या चाचण्या डिके यांच्यानंतर अनेकदा बदलल्या. त्यांनी सांगितलेले पथ्य मूलतः तेच राहिले आहे.